श्रेणी, जात आणि सभासदत्वाचा अर्ज

संघटित होण्याचा बाबासाहेबांचा आदेश आपण चळवळीपुरता मानला, राजकारणापुरता मानला. नोकरीत गेलेल्यांनी तो कर्मचारी संघटनांपुरताही मानला. धंद्याच्या बाबतीत मात्र तो आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलाच नाही. कारण उघड आहे. धंदाच आपल्याकडे नव्हता, मग धंदेवाल्यांची संघटना कुठून असणार? आता परिस्थिती किंचित बदलली आहे. केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेने पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे, ग्रिलचे, ट्रॉली दुरुस्तीचे काम करणारी जी पोरे दिसतात, त्यांत आपलीही काही आहेत. त्यांतला एक माझा विद्यार्थी. धातूच्या धंद्यातल्या संघटनेचे सभासद व्हावे काय, वर्गणीच्या बदल्यात पदरात काय पडते, असे त्याने मला विचारले. त्याच्या दृष्टीने हा वहीतल्या हिशेबाचा प्रश्न होता. मी इतिहास शिकवतो. मला त्यात दोन हजार वर्षांचा हिशेब दिसला. तो मांडावा म्हणून हा लेख.

आरंभ जुन्नरपासून करावा लागेल. जुन्नरच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांत एक शिलालेख आहे. त्यात भिक्खूसंघासाठी ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे आणि त्या ठेवी ज्यांच्याकडे ठेवल्या ते सावकार नाहीत, राजे नाहीत. एक आहे वंसकारांची, म्हणजे बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी. दुसरी आहे कासकारांची, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांची श्रेणी. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी करून ठेवली, तीही गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम कधी मोडायची नाही, व्याजातून भिक्खूंचे चीवर आणि इतर गरजा भागवायच्या, अशी ही व्यवस्था.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. त्या काळात कारागिरांची संघटना ही आजच्या बँकेइतकी विश्वासार्ह होती. एकटा कासार मरेल, गाव सोडून जाईल, कर्जात बुडेल. श्रेणी बुडणार नाही, असा समाजाला भरवसा होता. म्हणून तर ‘कायमची’ ठेव तिच्याकडे ठेवली गेली. संघटनेचा पहिला फायदा इथेच दगडात कोरलेला आहे: एकट्याला जी पत मिळत नाही, ती समूहाला मिळते.

आणि धातूकाम करणारा हा माणूस बौद्ध परंपरेत परका नाही. तथागतांना अखेरचे भोजन देणारा पावा नगरीचा चुंद हा कम्मारपुत्त, लोहाराचा मुलगा होता. त्या भोजनानंतर बुद्धांचे दुखणे वाढले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये याची काळजी त्यांनी आनंदाकडे सोपवली. कान्हेरीच्या लेण्यात कल्याणच्या एका लोहाराने दिलेल्या वाटेच्या दानाची नोंद आहे. लोखंड ठोकणारे हात दानपत्रात नावानिशी येत होते.

पुढे काय झाले? श्रेणीची जात झाली. ती कशी आणि कोणत्या शतकात झाली यावर विद्वानांत पुष्कळ वाद आहेत. त्यात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की श्रेणीत माणूस शिकून शिरू शकत असावा. जातीत तो जन्मूनच शिरतो. दाराला आतून कडी लागली. जुन्नरच्या त्या एकाच शिलालेखात शेजारी शेजारी असलेले दोन धंदे पाहा. बांबूकाम करणारा बुरूड आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. काशाचे काम करणारा कासार त्या यादीत नाही. त्या श्रेणींचेच हे थेट वंशज असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला पुरावा नाही. पण ज्या दोन धंद्यांची पत एके काळी एका दगडावर मावत होती, त्यांतला एक धंदा माणसाला गावकुसाकडे ढकलणारा ठरला, ही गोष्ट कोणत्याही अर्थशास्त्राने सुटणारी नाही.

धातूचा तर या व्यवस्थेने पहाराच बसवला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची भांडी फुटकी असावीत आणि त्यांचे दागिने लोखंडाचे असावेत असा दंडक आहे. म्हणजे कोणता धातू कोणाच्या अंगावर असावा हेही धर्माने ठरवले. हे जुने पुराण म्हणून सोडून देता येत नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची १९३५ सालची हकीकत नोंदवली आहे. तिथल्या बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला. त्या बायकांनी विहीर मागितली नव्हती, देऊळ मागितले नव्हते. डोक्यावरचा हंडा मातीचा नव्हता, एवढाच गुन्हा.

आमच्या भागात माझे आजोबा सालदार होते. मालकाच्या वखराच्या पासा शेवटायला तेच लोहाराकडे नेत. भाता ओढायचा आजोबांनी, तापलेल्या लोखंडावर घण मारायचा आजोबांनी. लोहार सांडशीने पास धरून फिरवायचा. वर्षानुवर्षे असे घण मारून आजोबांना लोखंडाचा रंग कळू लागला होता, कोणत्या लालीला ठोकायचे आणि कोणत्या लालीला पाण्यात घालायचे ते त्यांना सांगता येई. पण त्यांची ऐरण कधी झाली नाही. बलुतेदारीत लोहाराचे बलुते लोहाराचे, महाराचे बलुते महाराचे. कौशल्य हाताला चिकटले तरी धंदा हाती येत नव्हता.

विदर्भाला लोखंड नवे नाही. नागपूरजवळ नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, महापाषाणयुगातली मानली जाते. आपल्या शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर जमशेटजी टाटांची नजर होती. १९०४ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड तिथे फिरला. खनिज उत्तम निघाले, पण भट्टीला लागणारा योग्य कोळसा जवळपास नव्हता म्हणून पोलादाचा कारखाना इथे न होता पूर्वेकडे गेला. कारखाना चांद्याला झाला असता तर आमच्या आजोबांच्या पिढीचे काय झाले असते, असा विचार कधी कधी मनात येतो. कदाचित तिथेही घणच हाती आला असता.

आता आधुनिक संघटनांकडे येऊ. १८९५ साली कलकत्त्यात पाच अभियांत्रिकी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इंजिनिअरिंग अँड आयर्न ट्रेड्स असोसिएशन’ स्थापन केली. या कंपन्या गोऱ्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या बंगाल चेंबरच्या सभासद होत्या. लोखंडाच्या धंद्यातली ही आपल्या देशातली आद्य संघटना. नावे बदलत बदलत १९९२ साली तिचीच ‘सीआयआय’, म्हणजे भारतीय उद्योग महासंघ, झाली. ही संघटना कशासाठी निघाली? सरकार आपल्या गरजेचा लोखंडी माल इंग्लंडहून मागवीत असे. तो इथल्या कंपन्यांकडून घ्यावा, असा दाब सरकारवर आणण्यासाठी. म्हणजे सरकारी खरेदीत आमचा वाटा राखा, ही मागणी!

टाटांची गोष्टही वेगळी नाही. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली, तेव्हा दरवर्षी २०,००० टन रूळ दहा वर्षे घेण्याची तयारी सरकारने दाखवली होती. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले आणि कंपनी अडचणीत आली. तेव्हा १९२४ साली पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला; आयात मालावर जकात बसली आणि देशी मालाला सरकारी तिजोरीतून अर्थसाहाय्य मिळाले. हे चुकले असे मी म्हणत नाही. नवा उद्योग जुन्या, बलाढ्य उद्योगापुढे उभा राहायचा तर त्याला काही काळ आधार द्यावा लागतो, हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्या वेळी पोलादाच्या गुणवत्तेचे काय होईल, स्पर्धेचे काय होईल, म्हणून हळहळणारे आवाज देशी भांडवलदारांच्या गोटातून फारसे उठले नाहीत. हेच तत्त्व माणसांना लावले की त्याला ‘आरक्षण’ म्हणतात आणि गुणवत्तेचा कंठ दाटून येतो. लोखंडाला मिळाले ते संरक्षण, आणि आपल्याला मिळते ती सवलत! शब्दांची ही वाटणीही जातीनेच केलेली आहे.

या इतिहासातून मी त्या विद्यार्थ्यासाठी काढलेला पहिला मुद्दा असा: धातूच्या धंद्यातल्या माणसाने संघटना केली ती समारंभासाठी नव्हे, सरकारी कचेरीत एकट्याचा आवाज ऐकू जात नाही म्हणून. आजही तेच खरे आहे. लोखंडाचा, तांब्याचा, अॅल्युमिनियमचा भाव आमच्या तालुक्यात ठरत नाही. तो मुंबईत ठरतो, लंडनमध्ये ठरतो. एकटा फॅब्रिकेटर आज दर देऊन बसतो आणि माल घेईपर्यंत पट्टीचा, अँगलचा भाव चढलेला असतो. गिऱ्हाइकाशी भांडण होते आणि मजुरी बुडते. संघटनेतल्याला ही हालचाल आधी कळते. कायद्याचेही तसेच. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले तर त्यावरचा जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा, असा नियम झाला. शेडच्या कोपऱ्यात साठलेली कात्रण विकणाऱ्या पोराला हे भंगारवाल्याने भाव पाडला तेव्हा कळते. का पाडला हे मात्र कळत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कायदा चांगला आहे. पण ज्याच्याकडे काम मिळते त्याच्याच विरुद्ध एकटा माणूस तक्रार कशी करील? उद्या काम बंद. हीच गोष्ट संघटनेने उचलली की कोणा एकाचे नाव पुढे येत नाही. माझ्या मते सभासदत्वाचा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे, आणि तो माहितीपत्रकात छापलेला नसतो.

एकत्र कच्चा माल घेणे, चाचणीची प्रयोगशाळा सामाईक चालवणे, बँकेपुढे ओळख देणे, हे फायदे तर आहेतच. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी एकजुटीने आपला धंदा उभा केला हे सर्वश्रुत आहे. त्यावर विस्ताराने लिहिण्याची गरज नाही.

पण संघटना म्हटली की ती सर्वांच्या भल्याची, असे मानू नये. वऱ्हाडात विसाव्या शतकाच्या आरंभी जिनिंग-प्रेसिंगच्या मालकांनी ‘पूल’ केले होते. सगळ्यांनी मिळून दर ठरवायचा, काही कारखाने बंद ठेवायचे आणि बंद कारखान्याच्या मालकालाही नफ्यातला वाटा द्यायचा. मालकांचे कल्याण झाले. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला जास्त पैसे मोजावे लागले, आणि बंद कारखान्यातल्या मजुराला नफ्यात वाटा देण्याचे कोणाला सुचले नाही. आमच्या पांढरकवड्यासारख्या कापसाच्या मुलुखात राहणाऱ्याने हे विसरू नये.

दुसरी गोष्ट दाराची. बहुतेक व्यापारी संघटनांच्या अर्जावर दोन रकाने असतात: सूचक आणि अनुमोदक. दोन जुन्या सभासदांनी सही केल्याशिवाय नवा सभासद होत नाही. वरवर पाहता यात काही गैर नाही. अनोळखी माणसाला कोण घेईल? पण ओळख होते कुठे? एकमेकांच्या लग्नात, एकमेकांच्या ओट्यावर, एकाच जातीच्या वसतिगृहात. जिथे आपल्याला बोलावणेच नाही, तिथली ओळख आपण कुठून आणायची? जातीची आतून लागलेली कडी इथे दोन सह्यांच्या रूपाने शिल्लक आहे. घटनेत, नियमावलीत जातीचा शब्दही नसतो, म्हणून तर ती दिसत नाही.

बाबासाहेबांना हे दार चांगले ठाऊक होते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. त्या भाषणातले ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आपल्याला पाठ आहेत. त्याच भाषणातला एक साधा तपशील आपण विसरतो: रेल्वेच्या कार्यशाळांत मिस्त्रीच्या जागी अस्पृश्य जवळजवळ नाहीत, तो तिथे नुसता हमाल आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते. लोखंडाच्या कार्यशाळेतही आजोबांचा घणच! वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, या आरोपालाही त्यांनी तिथे उत्तर दिले. फूट परिषदेने पडत नाही. एका कामगाराने दुसऱ्याचा हक्क जातीवरून मारला की ती पडते, असा त्या उत्तराचा रोख होता. मालकांच्या संघटनांनाही मला हेच उत्तर लागू पडताना दिसते.

म्हणून २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ स्थापन केली, तेव्हा ‘उद्योगात जात कशाला आणता’ म्हणून ज्यांनी नाके मुरडली, त्यांनी आधी १८९५ सालची कलकत्त्याची मागणी वाचायला हवी होती. २०१२ च्या केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्क्यांचा वाटा आला. कलकत्त्याच्या त्या पाच कंपन्यांनी जे मागितले तेच हे, फक्त मागणारे हात बदलले. हे ४ टक्के प्रत्यक्षात गाठायला सरकारी कंपन्यांना वर्षानुवर्षे जमले नाही, ही गोष्ट वेगळी. कागदावरचा वाटा निविदेच्या अटींत विरघळतो: मागील उलाढाल दाखवा, अनुभव दाखवा, अनामत भरा. ज्याला काल दारात उभे केले नाही, त्याच्याकडे आज कालचा अनुभव मागायचा. या अटी कशा वाचायच्या आणि कुठे हरकत घ्यायची, हे एकट्याला साधत नाही.

डिक्कीवर आपल्याच विचारवंतांनी टीका केली आहे. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्यांना दलित भांडवलशाही ही मूठभरांची वाट वाटते. त्या टीकेत तथ्य आहे. चार उद्योजकांची छायाचित्रे छापून आली म्हणजे वस्तीतली भूक मिटत नाही. पण वेल्डिंगच्या शेडमधले आपले पोर भांडवलदार नाही. ते स्वतःच्या हाताने काम करते, दोन हेल्पर ठेवते आणि कर्जाचा हप्ता भरते. त्याला उद्योजक म्हणून डोक्यावर घेणे जितके खोटे, तितकेच त्याला शोषक म्हणून हाकलणेही खोटे. जुन्नरचा कासकार असाच असावा.

ज्यांच्याकडे शेडही नाही त्यांचे काय? याचे उत्तर पुण्यात १९९३ साली मिळाले. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. नावातच ‘पत्रा’ आहे. उकिरड्यावरून लोखंड, पत्रा, डबे वेचणाऱ्या या बहुसंख्य दलित बाया आहेत, आणि धातूच्या धंद्याची पहिली पायरी त्याच आहेत. त्यांनी वेचलेले लोखंडच पुढे भट्टीत जाते. या बायांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. पोलिसाने चोर म्हणून हटकले तर दाखवायला कागद आला. पुढे विमा आला, पतपेढी आली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. सूचक-अनुमोदक कोणी विचारले नाहीत. सभासदत्वाचे फायदे यापेक्षा ठळक कुठे दिसतील, मला माहीत नाही. आमच्या तालुक्यातले भंगार वेचणारे मात्र अजून एकेकटेच आहेत.

शेवटी कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात मालक, कामगार आणि जात हे तिन्ही धागे येऊन मिळतात. तांब्या-पितळेच्या नळ्या करणारा हा कारखाना मालक कुटुंबातल्या भांडणात १९८० च्या दशकात बंद पडला. कामगारांच्या युनियनने तो स्वतः चालवण्याची योजना मांडली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कामगार कारखान्याचे मालक झाले. देशात अशी गोष्ट क्वचितच घडली होती. पण युनियन मजुरीच्या वाटाघाटीत तरबेज होती. तांबे उधारीवर देणारा, नळ्या घेणारा आणि बँकेत शब्द टाकणारा गोतावळा तिच्याकडे नव्हता. काही वर्षांतच कारखाना पुन्हा आजारी पडला. मग २००० च्या सुमारास तो सावरण्याची जबाबदारी कल्पना सरोज यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बालपणी लग्न झालेली ही बौद्ध मुलगी, मुंबईत शिलाई करून पोट भरलेली. २००६ साली कारखाना रीतसर त्यांच्या हाती आला, आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच वर्षी मिलिंद कांबळे यांनाही ती मिळाली. पुरस्कारापेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कामगारांची थकलेली देणी आधी भागवल्याशिवाय त्या कारखान्याचे पाऊल पुढे पडणे शक्य नव्हते.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले ते असे. अर्ज कर, दोन सह्या माग, कोण देतो आणि कोण टाळतो त्याची नोंद ठेव. वार्षिक सभेचे इतिवृत्त मागून वाच. वर्गणी भरणाऱ्या सभासदाने ते मागायला हरकत नसते. आणि शेडमधल्या दोन हेल्परना हजेरीचे पुस्तक, ठरलेली मजुरी आणि वेल्डिंगचा चष्मा दे. त्यांची संघटना उद्या झाली तर तिचा पहिला अर्ज तुझ्याच नावे येणार आहे.